हसुरामशेठ आणि बोंबलाचे खवले

बोंबलाला खवले असतात की नसतात, यावरून भिवंडीच्या मासळी बाजारात एका सकाळी मारामारी व्हायची बाकी होती. एका बाजूला टोपलीपुढे बसलेली कोळीण आणि दुसऱ्या बाजूला आमच्या बिल्डिंगचे हसुरामशेठ. शेठच्या एका हातात भिंग, दुसऱ्या हातात शेपटीला धरलेला बोंबील. बोंबील उन्हात धरून ते त्याच्याकडे सोनार दागिन्याकडे बघतो तसे बघत होते.

"मावशे, शेपटीकडं कायतरी चमकतंय बग."

"तुजा टकला चमकतंय," कोळीण म्हणाली. "घ्येतोस का जातोस?"

"खवले हायत का न्हायत, येवढाच सांग."

"आता काय बोंबलाचा आधारकार्ड काढू?"

मागे बर्फाची लादी घेऊन थांबलेला हमाल वैतागला. "चाचा, मछली लेनी है कि बहू पसंद करनी है?"

मी कोलंबीचे पैसे देत होते. तोंड फिरवून सटकावं म्हटलं, पण शेठनी पाहिलंच. "बाय! तुमी शिकलेल्या. तुमी बगा." भर बाजारात भिंगाला डोळा लावून मी बोंबील पाहिला. शेपटीकडच्या अर्ध्या भागावर बारीक काहीतरी होतं खरं.

"आहेत बहुतेक," मी म्हटलं.

"बहुतेक न्हाय चालनार, बाय. पुस्तकान 'बहुतेक' लिवलेला न्हाय."

पुस्तक म्हणजे यहुदी लोकांचे धर्मग्रंथ. पाण्यातल्या प्राण्यांपैकी ज्याला पर आणि खवले आहेत तोच खावा, असा त्यात नियम आहे. आता हसुरामशेठ काही यहुदी नाहीत. ते मानकोलीचे आगरी. वाडवडील भात लावत आले आणि खाडीत सापडेल ते खात आले. त्यात कुणी खवले तपासले नाहीत. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. उरलेल्या खाचरांवर गोदामं झाली आणि जिथे पूर्वी भाताची रोपं होती तिथे आता देशभरच्या लोकांचे मिक्सर आणि मोबाईल खोक्यात पडलेले असतात. मुलगा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, पण शेठ तळमजला सोडत नाहीत. "जमिनीची वास्तपुस कराया कोनी तरी खाली पायजे," म्हणतात.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आता इंग्रजीशी संबंध संपला, असं मला वाटलं होतं. मग एका सकाळी बेल वाजली. दारात शेठ, बनियन आणि अर्ध्या चड्डीत, हातात फोन.

"बाय, 'बिगॅट' म्हंजे कं?"

मी चक्रावले. फोनमध्ये पाहिलं तर इंग्रजीतली लांबलचक वंशावळ. अमक्याने तमक्याला जन्म दिला, तमक्याने ढमक्याला. मी अर्थ सांगितला. शेठचा चेहरा उजळला.

"म्हंजे सातबारा हाय!"

"सातबारा नाही शेठ, वंशावळ."

"येकच की. वारसनोंद." त्यांनी फोन लांब धरून पुन्हा वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "यान पोरींची नावां कुठं हायत? बहिनींच्या सह्या घ्येतल्यात का? न्हाय तर उद्या कोर्टान जातील त्या."

असं आमचं शिक्षण सुरू झालं.

हे वेड त्यांना कसं लागलं ते विचारलं की शेठ विषय बदलायचे. एवढंच कळलं की सुरुवात निजामपुऱ्यातल्या रद्दीच्या दुकानात झाली. तिथे त्यांना एक जाडजूड ग्रंथ मिळाला, एका पानावर हिब्रू आणि समोरच्या पानावर इंग्रजी. शेठनी आपल्या सवयीने डावीकडून उघडला आणि वाचायला घेतला. हिब्रू पुस्तक उजवीकडून सुरू होतं हे त्यांना कोण सांगणार? पावसाळाभर ते ग्रंथ उलटा वाचत होते. "पयले राज्य बुडाला, मंग राजा गादीवर बसला, मंग त्याचा आज्जा जन्मला," ते मला सांगत होते. "मी बोललो, मानसां शानी हायत. वाईट आदी सांगून टाकतात."

चूक कळल्यावर त्यांनी पुतण्याकडून फोनवर सगळं उतरवून घेतलं. आता हे सगळं इंग्रजीत फुकट मिळतं. एका बाजूला मूळ ओळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि ओळीवर बोट ठेवलं की खालून भाष्यकार बाहेर पडतात, गुळाच्या ढेपेखालून मुंग्या निघाव्यात तसे. बरं, इंग्रजी तर्जुमेही एकासारखे एक नाहीत. एक म्हणतो 'वारा', दुसरा त्याच शब्दाला म्हणतो 'आत्मा'. शेठ सगळे उघडून बसायचे आणि माझी बेल वाजवायचे.

"शेठ, बायबलचा जुना करार मराठीत मिळतो की," एकदा मी कंटाळून म्हटलं. "गोष्टी त्याच आहेत. इंग्रजीत कशाला डोकं फोडता?"

"वाचला त्यो. त्यान भांडनां न्हाईत."

"कसली भांडणं?"

"पंडितांची! येक बोलतो असा, दुसरा बोलतो तसा. भांडनां न्हाईत तर गोष्ट सांगून कं उपेग?"

ही भांडणं म्हणजे तालमूद. जुन्या यहुदी पंडितांच्या वादविवादाचे खंडच्या खंड. छापील पानाच्या मधोमध मूळ मजकूर आणि चहूबाजूंनी कडेकडेने मागाहून आलेल्यांची टिपणं, लग्नाच्या पंगतीत वाढप्याभोवती माणसं जमावीत तशी. शेठचा तर्जुमा अशा धाटणीचा होता की मूळ पंडितांचे शब्द जाड अक्षरात आणि ते समजावेत म्हणून तर्जुमा करणाऱ्याने घातलेली भर बारीक अक्षरात. शेठना ही पद्धत इतकी आवडली की ते तसंच बोलायला लागले.

"जाड अक्षरान सांगू का बारीक?" हे त्यांचं पालुपद झालं. विजेचं बिल वाढून आलं तेव्हा त्यांनी दारातल्या माणसाला ऐकवलं, "जाड अक्षरान सांगतांव, बिल भरनार न्हाय. आता बारीक अक्षरान ऐक. मीटर बंद हाय, तुमच्या सायबाला दोनदा सांगला, तो चा पिऊन गेला." त्या माणसाने नुसतं जाड अक्षर ऐकलं आणि वायर कापून गेला.

मग सोसायटीची मीटिंग आली. शेठ आमचे चेअरमन. पाण्याचा पंप सकाळी लावायचा की संध्याकाळी, हा विषय होता. सकाळच्या बाजूने बहुमत झालं. सेक्रेटरी लेलेंनी ठराव लिहिला आणि वही मिटली.

"थांबा," शेठ म्हणाले. "जे हरले त्यांचा बी लिवा."

"हरलेल्यांचं कशाला?"

"उद्या ते बरोबर निंगले तर?"

तेव्हापासून सोसायटीच्या वहीत ठराव पानाच्या मधोमध येतो आणि भोवती सगळ्यांची मतं. एका पानावर तर पंपाच्या ठरावाभोवती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं मत, त्या मताला त्यांच्या नवऱ्याचा विरोध, आणि कोपऱ्यात तिरक्या अक्षरात वॉचमनचं म्हणणं की पंप जळालेला आहे. ऑडिटर आला, त्याने वही सरळ धरली, आडवी धरली, उलटी धरली. लेलेंनी राजीनामा दिला. तोही भोवतालच्या मतांसकट नोंदवला गेला.

गोदामाच्या छपराची गोष्टही अशीच. घर बांधशील तर छपराला कठडा कर, नाहीतर कुणी पडलं तर पाप तुझ्या माथी, असा एक नियम शेठच्या वाचनात आला. घराच्या गच्चीला कठडा होताच. राहिली गोदामं. उतरत्या पत्र्याचं छप्पर, त्यावर कबुतराशिवाय कुणी चढत नाही. शेठनी वेल्डर बोलावला आणि पत्र्याला चारी बाजूंनी लोखंडी कठडा ठोकून घेतला. भाडेकरू कंपनीचा तरुण मॅनेजर टाय लावून आला. "सर, ये रेलिंग किसलिए?"

"कोई गिरा तो?"

"सर, ऊपर कोई जाता ही नहीं."

"तो गिरेगा कैसे? देखो, काम कर रहा है ना रेलिंग!"

मॅनेजरने बराच वेळ विचार केला आणि गाडीत बसून निघून गेला.

हे सगळं गावाने हसून चालवून घेतलं. पण हे वाचन एकदा त्यांच्यावरच उलटलं. गटारीच्या आदल्या रविवारी जेवणं झाल्यावर शेठ सगळ्यांना एक गोष्ट सांगत होते. पाच बहिणी असतात, त्यांना भाऊ नसतो. बाप मेल्यावर त्या पुढाऱ्यापुढे उभ्या राहून जमिनीत वाटा मागतात, आणि देव म्हणतो, पोरींचं बरोबर आहे. गोष्ट रंगात आली होती. पडघ्याला दिलेली त्यांची बहीण सुपारी कातरत ऐकत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"दादा, मंग आपल्या गोदामाचा कं?"

 शेठ घसा खाकरून म्हणाले, "त्यांना भाव नवता. भाव असला तर कं, त्याच्यावर पंडितांचा येकमत न्हाय."

"बग मंग. शोद," बहीण म्हणाली. "घाई न्हाय मना."

शेठनी पुढचा आठवडा भाष्यं चाळण्यात घालवला. माझी बेल दिवसातून चारदा वाजायची. आपल्या बाजूने बोलणारा एखादा पंडित सापडतो का, हे ते बघत होते. सापडलेही असावेत, कारण कायदा तसा भावाकडेच झुकत होता. पण एका सकाळी ते चहा न घेताच बसले आणि म्हणाले, "बाय, हे जिंकलां तरी पडघ्याला तोंड कसां दाखवू?" नाक्यावरच्या गोदामाचं भाडं त्या महिन्यापासून बहिणीकडे जायला लागलं. मुलगा धुसफुसला. शेठ म्हणाले, "तुजा मत वहीत लिवून ठेवलाय."

इथपर्यंत शेठाणींनी, म्हणजे मंजुळावहिनींनी, सगळं सोसलं. एका रविवारी मात्र त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"बाय, यांनी चिंबोरी सोरली."

मी खुर्चीत बसले. आगरी माणसाने खेकडा सोडला म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. वहिनींच्या हातचा चिंबोऱ्यांचा रस्सा खायला लोक कल्याणहून येतात. शेठनी ताट बाजूला सारलं होतं. कोलंबी नाही, कालवं नाहीत, चिंबोरी नाही. मुलाने डॉक्टर आणला. डॉक्टरने छाती तपासली, जीभ बघितली आणि जाताना रस्सा डब्यात घेऊन गेला. गावात तर तोपर्यंत तीन बातम्या झाल्या होत्या. शेठ धर्म बदलणार. शेठ जमीन परदेशी कंपनीला देणार. शेठवर कुणीतरी काहीतरी केलंय.

"तेबी चालवून घ्येतला असता," वहिनींनी आवाज खाली आणला. "पन दर शुक्रवारी दुपारी दार लावून कोना बाईशी बोलतात. इंग्रजीन."

"बाईशी? तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीला कान लावला. ओली का होली, असां नाव हाय. या वयान!"

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. दुपारी गाव एकदम गप्प होतं, एरवीची खटखट थांबते आणि शेजारचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी शेठच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिलो. आतून शेठचं इंग्रजी येत होतं. "यस, यस. स्लो. प्लीज स्लो." वहिनींनी माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि दार ढकललं.

शेठ पाटावर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर काळी गोल टोपी, जी मी कधी पाहिली नव्हती. समोर तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. फोनमध्ये साधारण पन्नाशीची, चष्मा लावलेली, थकलेल्या चेहऱ्याची बाई.

शेठ जराही दचकले नाहीत. "बाय, बरां झाला आल्या. ही आज लय भरभर बोलते. कं बोलते बगा जरा."

तिचं नाव ओर्ली. ती इस्रायलमधून बोलत होती. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण मला कळलं. तिच्या वडिलांना डॉक्टरांनी नवीन गोळी दिली आहे, त्यामुळे आज ते थोडे झोपाळलेले आहेत, तरी चालेल का, असं ती विचारत होती. वडिलांचं नाव एलिजा.

"एलिजा?" वहिनी म्हणाल्या. "आपला एलू? वखारवाल्यांचा? जिता हाय?"

"हाय," शेठ म्हणाले. "पन आता इकडंच हाय त्यो. तिकडं फकस्त अंग हाय."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं कळलं. अर्धं ओर्लीकडून, अर्धं शेठकडून. एलिजाचे वडील खाडीकाठी लाकडाची वखार चालवायचे. मराठी बोलणारं, कोकणातलं जुनं यहुदी घर. एलू आणि हसू एका वर्गात होते, एकाच होडीत चिखलात रुतले, एकाच छडीने मार खाल्ला. मिसरूड फुटल्यावर एलूचं कुटुंब इस्रायलला गेलं. तिथे तो हिब्रू शिकला, कारखान्यात लागला, संसार केला. म्हातारपणी त्याची आठवण मागच्या पावली परत निघाली. आधी नातवंडांची नावं गेली, मग बायकोचं मरण विसरला, मग हिब्रू गेली. आता वृद्धाश्रमात तो दिवसभर एक भाषा बोलत असायचा जी तिथे कुणालाच येत नव्हती. ओर्लीलाही नाही. तिने त्याच्या बोलण्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला आणि विचारलं, हे काय बोलतात? कुणीतरी ओळखलं की ही बोली भिवंडीकडची. फिरत फिरत तो शेठच्या पुतण्याच्या फोनवर आला. व्हिडिओत म्हातारा सारखा एकच शब्द म्हणत होता. हसू.

"पयल्या दिवशी फोन लावला," शेठ म्हणाले. "मना बगितला आन बोलला, बाबा. मी बोललो, आरं मी हसू. तर रराया लागला. बोलला, बाबा, अशी मस्करी नको करू, हसू लहान हाय." शेठनी टोपीला हात लावला. "म्हंजे मी दिसतो आता त्याच्या बापासारका. मिशी बी तशीच. मंग म्हनलां, बाबा तर बाबा. पुतन्याला सांगून टोपी आनवली."

एलूचे वडील दर शुक्रवारी संध्याकाळी वखारीत भुश्श्याच्या ढिगावर पोरांना बसवून त्या आठवड्याचा धर्मग्रंथातला भाग मराठीत सांगायचे. नुसती गोष्ट नाही, तिच्यावर कोण पंडित कुणाशी भांडला तेही. हसूही त्या ढिगावर असायचा. आता एलूला शुक्रवार तेवढा आठवत होता. तिथले गुरुजी हिब्रूत वाचायचे, तर तो उठून दार शोधायला लागायचा.

"मंग वाचाया नको?" शेठ म्हणाले. "मदीच इचारतो, बाबा, यावर दुसरा पंडित कं बोलला? मना म्हाईत नसला तर तोंड पारतो. आन गोष्ट संपली की इचारतो, बाबा, आज कं जेवलास? त्याचा बाप चिंबोरीला कवा शिवला नवता."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. हात हळूच खाली आले.

"खोटा सांगायचा," त्या म्हणाल्या.

"येवढा बारका तोंड करून बगतो गो त्यो."

"मना सांगाया कं झालता?"

"कं सांगू? का मी एलूचा बाप झालोय?"

 वहिनी खाली बसल्या, शेठच्या बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही इतक्या अंतरावर.

पलीकडे ओर्लीने फोन नेऊन कुणाच्या तरी पुढे धरला. पांढऱ्या उशीवर एक वाळका, दाढी वाढलेला म्हातारा. त्याने डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्याचं तोंड हळूहळू पोरासारखं झालं.

"बाबा, आलास?"

"आलो. बस नीट. आज समिंदराचा हाय." शेठ सरसावून बसले. "तर सगली मानसां निंगाली. म्हातारी, पोरां, ढोरां. मागं राजाची फौज. पुढं पानी. आपली कशेलीची खाडी हाय ना, तिच्यापेक्षा लय मोठा. आन येकदम पानी दोन बाजूला झाला, भित्तीसारका. मदी वाट."

"बाबा, चिखल असंल की."

"हां! त्याच्यावरच तर भांडन!" शेठनी मांडीवर थाप मारली. "येक बोलतो, वाट सुकी खनखनीत व्हती. दुसरा बोलतो, खाली चिखल व्हता, आन दोगं जन त्या चिखलाकडंच बगत चालले. वर बगितलाच न्हाय. बोलले, तिकडंबी चिखल, हितंबी चिखल, मंग आमाला आनला कशाला?"

एलू हसायला लागला. खांदे हलवत, आवाज न करता. फोन ओर्लीच्या हातात होता. तिला एक शब्द कळत नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचा अर्धा चेहरा दिसत होता आणि ती गोष्टीकडे नाही, बापाकडे बघत होती.

हसणं ओसरलं. एलूने मान उचलून शेठच्या मागे, खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

"बाबा, हसू न्हाय आला आज?"

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. शेठनी टोपी सरळ केली.

"निंगालाय त्यो," ते म्हणाले. "खाडीला भरती हाय. वोहोट लागली का येल."

"नक्की येल?"

"नक्की."

"बरां." एलूने मान परत उशीवर टेकली. "तवर तू सांग. पन त्यो आला का परत पयल्यापास्नं सांगाया लागंल."

"सांगन की," हसुरामशेठ म्हणाले, आणि चिखलात रुतलेल्या त्या दोघांना हाताला धरून पुढे घेऊन निघाले.